चित्रातल्या बाईच्या हातात पत्ते आहेत की समोरच्याचा तळहात?

प्रश्न विचारणारी मुलगी चित्रकार आहे. १६२० च्या सुमाराच्या रोमवर ती एक चित्रकथा काढते आहे. त्यातल्या एका प्रसंगात जिप्सी बाई टेबलावर टॅरोचे, म्हणजे आज भविष्यासाठी वापरतात ते चित्रांचे, पत्ते मांडून एका श्रीमंत पोराला भविष्य सांगते. संदर्भ म्हणून तिने इटालियन चित्रकार कारावाज्जोचं एक चित्र पाठवलंय. ते तिला 'टॅरो वाचणारी जिप्सी' अशा ओळीखाली मिळालं. तिला तीन गोष्टी हव्या आहेत: पत्ते वाचणाऱ्या बायकांची जुनी चित्रं कोणती, ती किती जुनी, आणि या प्रसंगात तिने नेमकं काय काढावं.

तू पाठवलेलं चित्र आधी मोठं करून बघ. त्यात एकही पत्ता नाही. पोराने हातमोजा काढून उजवा हात पुढे केलाय आणि मुलगी त्याचा तळहात वाचते आहे. तो तिच्या चेहऱ्याकडे बघतोय, आणि तिची बोटं त्याच्या बोटातल्या अंगठीपाशी आहेत. ती अंगठी उतरवते आहे. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. जुलिओ मान्चिनी हा कारावाज्जोच्याच काळातला वैद्य आणि कलेचा जाणकार. गोड हसत पोराची अंगठी काढून घेणारी मुलगी असंच त्याने या चित्राचं वर्णन करून ठेवलंय. चित्राच्या दोन आवृत्त्या आहेत, दोन्ही १५९५ च्या आसपासच्या. एक रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात आहे आणि दुसरी पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये.

मी पंचवीसहून जास्त वर्षं युरोपच्या चित्रकलेचा इतिहास शिकवते आहे, आणि तुझ्यासारखा गोंधळ दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा होतो. आज भविष्य म्हटलं की टॅरो डोळ्यांसमोर येतं, म्हणून आपण जुन्या चित्रांतही तेच शोधतो. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या 'भविष्य सांगणारी' या नावाच्या चित्रांमधून एकेक चित्र घेऊन बघ. मानफ्रेदीचं, सिमों वुएचं, व्हालांतँचं, रेन्येचं, ला तूरचं. बाई तळहात बघते आहे किंवा तळहातावर नाणं ठेवते आहे. पत्ते नाहीत, आणि असलेच तर ते शेजारच्या पुरुषांच्या हातात आहेत, खेळायला.

कायद्याची भाषाही हेच सांगते. इंग्लंडमध्ये १५३० साली तिथल्या जिप्सींना देशाबाहेर काढण्यासाठी कायदा झाला. तळहात पाहून स्त्री-पुरुषांचं भविष्य सांगतो असं भासवून हे लोक फसवतात, असा त्यात आरोप आहे. पत्त्यांचा उल्लेख नाही. पुढे १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या इंग्लिश कायद्यातही नाव घेऊन उल्लेख आहे तो हस्तरेषांचा.

मग त्या काळी पत्ते कशाचं चिन्ह होते? जुगाराचं आणि लबाडीचं. कारावाज्जोचंच दुसरं चित्र शेजारी ठेव: पत्त्यांत फसवणारे दोघे, साधारण १५९४ चं, आता अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किम्बेल संग्रहालयात. भोळा पोरगा आपल्या पत्त्यांत गढलाय. त्याच्या खांद्यामागून एक मोठा माणूस डोकावून बोटांनी खूण करतोय, त्याच्या हातमोज्याची टोकं फाटलेली आहेत. समोरचा भिडू पाठीमागे हात नेऊन कंबरेला खोचलेला पत्ता ओढतोय. हे चित्र आणि रोममधली भविष्य सांगणारी, दोन्ही एकेकाळी देल मोन्ते या कार्डिनलच्या, म्हणजे चर्चमधल्या बड्या धर्माधिकाऱ्याच्या, संग्रहात होती. मी ती जोडीनेच शिकवते. दोन्हींत अननुभवी श्रीमंत पोर आहे आणि दोन्हींत ते लुटलं जातंय, एकीकडे तळहाताच्या निमित्ताने, दुसरीकडे पत्त्यांच्या.

आता ला तूरच्या चित्रापाशी जरा जास्त वेळ थांबते, कारण तुला त्यातून सगळ्यात जास्त मिळेल. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, साधारण १६३० च्या दशकातलं, जेमतेम सव्वा मीटर रुंद. मधोमध पोरगा उभा आहे, कंबरेवर हात ठेवून. उजवीकडे सुरकुतलेली म्हातारी, अंगावर नक्षीदार शाल, हातात नाणं. आधी नाणं द्यायचं, त्याने तळहातावर खूण करायची आणि मग भविष्य, असा तो विधी. पोराची नजर तिरकी होऊन म्हातारीवर खिळली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी बाकीच्या तिघी कामाला लागल्या आहेत. अगदी डावीकडच्या दोघींपैकी एकीचा हात त्याच्या खिशातली थैली काढतोय आणि दुसरी ती घ्यायला हात पुढे करून उभी आहे. त्याच्या खांद्यालगतची गोरीपान, अंड्यासारख्या चेहऱ्याची मुलगी त्याच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते आहे. खाली तिचे हात त्याच्या साखळीचं पदक कापत आहेत. त्या साखळीवर बारीक अक्षरांत दोन लॅटिन शब्द आहेत, 'आमोर' आणि 'फिदेस', म्हणजे प्रेम आणि विश्वास.

मी पहिल्यांदा त्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा माझे डोळे आधी चेहऱ्यांवरून फिरले, आणि चोरी लक्षात यायला बराच वेळ लागला. चित्राची रचनाच तशी आहे. वरच्या अर्ध्यात नजरा, खालच्या अर्ध्यात हात, आणि कुठलाही चेहरा आपल्या हाताकडे बघत नाही. प्रसंग काढताना हे वापर. भविष्य सांगण्याचं चित्र म्हणजे लक्ष कुठे आहे आणि हात कुठे आहेत याचं चित्र.

या चित्रांबद्दल आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तुझ्या कथेत ही बाई जिप्सी आहे, म्हणजे रोमा समाजातली. या लोकांचे पूर्वज हिंदुस्थानातून गेले, हे त्यांच्या भाषेवरूनच सिद्ध झालंय. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक', कानाला 'कान', आणि मोजताना 'येक, दुई, त्रिन'. हातासाठीचा त्यांचा शब्द 'वस्त' आपल्या 'हस्त'च्याच घरातला आहे. त्या चित्रांमध्ये ज्यांना सतत चोर म्हणून रंगवलं, त्या बायकांच्या तोंडी ही भाषा होती. चित्रकारांना त्यांचं आयुष्य माहीत नव्हतं. रंगमंचावरची आणि बाजारातल्या गोष्टींतली ठरावीक 'चोरटी जिप्सी' त्यांनी उचलली, आणि पुढची दीडशे वर्षं ती एकमेकांकडून घेत राहिले. ही चित्रं अप्रतिम आहेत, आणि एका समाजावर त्यांनी अन्यायही केलाय. तुझ्या बाईला तू चोर करणार की माणूस, हे पत्त्यांच्या प्रश्नाआधी ठरव.

आता पत्ते भविष्याकडे केव्हा वळले ते बघू.

युरोपात खेळायचे पत्ते १३७० च्या दशकात दिसू लागतात. १३७७ साली फ्लॉरेन्सने त्यांवर बंदी घातल्याची नोंद आहे. टॅरो त्यानंतरचा, पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला, आणि तो निव्वळ खेळ होता. हुकमाच्या पत्त्यांनी डाव जिंकायचे, आपल्याकडच्या पत्त्यांसारखेच. मिलानच्या बोर्रोमेओ वाड्यात त्या काळातलं भित्तिचित्र आहे, त्यात उंची कपड्यांतली मंडळी टेबलाभोवती बसून पत्ते खेळताहेत. व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याच्या वर्खावर रंगवलेला जोड साधारण १४५० चा. त्यातले ७४ पत्ते उरले आहेत, आणि ते न्यूयॉर्कचं मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची कारारा अकादमी आणि एक खाजगी संग्रह यांत विभागले गेले आहेत. त्यावर सम्राट आहे, मृत्यू आहे, चंद्र आहे. म्हणून लोकांना वाटतं की त्यात काहीतरी गूढ असणारच. इथे मी विद्यार्थ्यांना सावंतवाडीच्या गंजिफेची आठवण करून देते. दशावतारी गंजिफेत दहा रंग, १२० गोल पत्ते, आणि प्रत्येक रंगाला विष्णूचा एक अवतार. देव रंगवलेत म्हणून कुणी त्यातून भविष्य बघत नव्हतं, डाव मांडून खेळत होते.

सोळाव्या शतकात पत्त्यांचा भविष्याशी एक बारीकसा संबंध येतो तो पुस्तकांतून. १५४० साली व्हेनिसमध्ये फ्रान्चेस्को मार्कोलिनी याने असं एक पुस्तक छापलं. प्रश्न निवडायचा, पत्ते काढायचे, आणि ते पत्ते ज्या पानाकडे नेतील तिथली कविता हे तुमचं उत्तर. पत्त्याला स्वतःचा अर्थ नाही, तो फक्त चिठ्ठीचं काम करतो. पिंजऱ्यातल्या पोपटाने पाकीट ओढायचं आणि आतला मजकूर जोशीबुवांनी वाचायचा, तसंच हे.

'चौकटचा एक्का म्हणजे अमुक, इस्पिकची राणी म्हणजे तमुक' अशी प्रत्येक पत्त्याची ठरलेली भाषा छापून सगळीकडे पसरते ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः पॅरिसमधून. १७७० साली जाँ-बाप्तिस्त आलिएत याने आपलं आडनाव उलटं लिहून 'एत्तेया' या नावाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पुस्तक काढलं. त्यात टॅरो नव्हता. सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या ३२ पत्त्यांचा साधा खेळायचा जोड होता, वर त्याने स्वतःचा एक पत्ता घातला. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या विद्वानाने टॅरो हे प्राचीन इजिप्तचं लपवलेलं ज्ञान आहे असं लिहिलं. त्याला कसलाच आधार नव्हता, पण ती कल्पना लोकांच्या मनात अशी बसली की अजून हललेली नाही. पुढे क्रांतीच्या आणि नेपोलियनच्या काळात पत्त्यांवरून भविष्य सांगणारी मादमोआझेल लनोर्मां पॅरिसमध्ये गाजली. आज दुकानात मिळणारा सूर्य, चंद्र, तलवारीवाला रायडर-वेट जोड तर १९०९ चा, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेला. तुझ्या १६२० च्या रोममध्ये ते पत्ते ठेवलेस तर जवळजवळ तीनशे वर्षांची चूक होईल.

पत्ते वाचणाऱ्या बाईचं सर्वात जुनं चित्र म्हणून बहुतेक ठिकाणी लुकास फान लायडन या डच चित्रकाराचं नाव येतं. लूव्ह्रमध्ये त्याचं एक छोटं लाकडी फळीवरचं चित्र आहे, साधारण १५०८ चं, २४ सेंटिमीटर उंच, म्हणजे शाळेच्या वहीएवढं. फ्रेंच नाव आहे 'पत्ते काढणारी'. मीही सुरुवातीची काही वर्षं हे पत्ते वाचण्याचं पहिलं चित्र म्हणून शिकवलं. आज शिकवत नाही. टेबलावर पत्ते आहेत हे खरं, पण चित्राच्या मध्यभागी घडतंय ते वेगळंच: एक फूल बाई-पुरुषांच्या हातांतून जातंय आणि मागे विदूषक आहे. फूल आणि विदूषक ही त्या काळच्या प्रेमातल्या वेडेपणाची नेहमीची जोडी. चित्रांना नावं द्यायची पद्धत तेव्हा नव्हती, हे नाव नंतरच्या लोकांनी चिकटवलंय. पत्ते प्रेमाच्या खेळाचे असावेत असं माझं मत आहे.

खऱ्या अर्थाने पत्ते वाचणाऱ्या बायका चित्रात भरपूर येतात त्या एकोणिसाव्या शतकात, म्हणजे एत्तेयासारखी पुस्तकं घरोघर पोचल्यावर. रशियात व्हेनेत्सियानोव्हचं 'पत्त्यांवरून भविष्य' हे १८४२ चं, सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. खेड्यातल्या तरुणी आणि पत्ते, बस. चोरी नाही, लुटला जाणारा पोरगा नाही. आपल्या लग्नाचं काय होणार हे घरातल्या घरात बघणाऱ्या मुली आहेत. तळहाताच्या चित्रांत बाई पुरुषाला भविष्य सांगते, पत्त्यांच्या चित्रांत बहुधा बाई बाईला सांगते किंवा एकटीच बघते. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९०० च्या आसपास ब्रुकलिनच्या हॅरी रोझलँडने अशी पुष्कळ चित्रं केली: काळी वयस्क बाई भविष्य सांगते आणि गोऱ्या, नटलेल्या तरुणी ऐकतात. त्याचं कौशल्य मान्य करूनही ती मला आवडत नाहीत. ला तूरच्या जिप्सींसारखीच तिथेही एक ठरावीक बाई पुन्हापुन्हा काढली आहे.

ग्युस्ताव दोरेचं एक चित्र मात्र मी वर्गात कधी चुकवत नाही. ते १८७४ चं, फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँच्या संग्रहालयात आहे. डोंबाऱ्यांचं कुटुंब. कसरत करताना पोर पडलंय, डोक्याला मार लागलाय, आई त्याला छातीशी धरून बसली आहे. बाप शेजारी, रंगीत खेळाच्या कपड्यांत, हतबल. आणि आईच्या पायाशी जमिनीवर पत्ते पसरलेत, जवळ एक घुबड. दुसऱ्यांना भविष्य सांगणारी बाई, आणि पत्ते आता तिच्या स्वतःच्या लेकराबद्दल काय म्हणतात ते बघायला तिच्यात बळ नाही. दुसऱ्याच वर्षी, १८७५ मध्ये, पॅरिसच्या रंगमंचावर बिझेच्या 'कारमेन' ऑपेरात मैत्रिणी पत्त्यांतून श्रीमंत नवरे आणि प्रियकर काढतात, आणि कारमेनच्या वाट्याला पुन्हापुन्हा मृत्यूच येतो. पत्ता उलटतानाची ती भीती त्या काळात लोकांना ओळखीची झाली होती, म्हणूनच चित्रकार आणि संगीतकार तिच्यावर एवढं तोलू शकले.

आणि रशियन चित्रकार व्रुबेल. 'भविष्य सांगणारी', १८९५, मॉस्कोची त्रेत्याकोव्ह गॅलरी. गालिच्याच्या नक्षीत जवळजवळ बुडून बसलेली काळ्या डोळ्यांची बाई आणि गुलाबी वस्त्राचा झोत. समोर पडलाय इस्पिकचा एक्का. पत्ता वाचून झालाय. ती काहीच बोलत नाही, आपल्याकडेही नीट बघत नाही. समोर बसलेला माणूस चित्रात नाही, कारण ती जागा आपली आहे. भविष्य ऐकणाऱ्याच्या आसनावर चित्रकाराने बघणाऱ्यालाच बसवलंय, आणि ते मला या सगळ्या परंपरेतलं सगळ्यात धाडसी पाऊल वाटतं. तुझ्या कथेत एखादं पान असं काढून बघ.

चित्र समोर आलं की खेळ आहे की भविष्य ते कसं ओळखायचं? मी आधी पत्त्यांची तोंडं बघते. खेळणारा पत्ते हातात पंख्यासारखे धरतो, चित्राची बाजू स्वतःकडे. भविष्य सांगणारी पत्ते उताणे मांडते, सगळ्यांना दिसतील असे, रांगेत किंवा अर्धवर्तुळात. मग पैसे बघते. टेबलावर मधोमध नाण्यांचा ढीग म्हणजे डाव लागलाय, एकच नाणं तळहातावर म्हणजे भविष्य. मग मूळ भाषेतलं नाव शोधते, कारण बहुतेक घोटाळा इंग्रजी नावामुळे होतो. फ्रेंचमध्ये 'बोन आवान्त्यूर' सांगणारी म्हणजे कुठल्याही पद्धतीने भविष्य सांगणारी, आणि 'तिरूझ द कार्त' म्हणजे पत्ते काढणारी. जर्मनमध्ये 'वारझागेरिन' आणि 'कार्टेनलेगेरिन' हे वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोघींना एकच नाव मिळतं, ते आंतरजालावर फिरतं, आणि कुणीतरी त्याला टॅरो जोडून देतं. संग्रहालयाच्या स्वतःच्या पानावर मूळ नाव बहुतेक वेळा असतं, तिथूनच घे.

आता तुझं पान. बाईच्या हातात पोराचा तळहात दे आणि एक नाणं दे. प्रसंगात पत्ते हवेच असतील तर निकोला रेन्येचं बुडापेस्टच्या ललित कला संग्रहालयातलं चित्र बघ, ते नेमकं तुझ्याच वर्षांतलं, साधारण १६२० चं, रोममधलं. एकाच टेबलाशी पत्त्यांचा डाव चाललाय आणि त्याच टेबलाशी जिप्सी बाई हात बघते आहे. तुला दोन्ही गोष्टी एका चौकटीत मिळतील. कपड्यांसाठी कारावाज्जोची मुलगी उपयोगी पडेल: हनुवटीखालून बांधलेलं पांढरं डोईवस्त्र, सैल बाह्यांचा सदरा, एका खांद्यावर गाठ मारलेली शाल. पत्ते काढताना कोपऱ्यात आकडे आणि अक्षरं घालू नकोस, ती एकोणिसाव्या शतकातली सोय आहे. कोपरे गोल करू नकोस. आणि राजा-राणी-गुलाम वरून खालून सारखे काढू नकोस. तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण असायचे, पत्ता उलटा आला की राजा खाली डोकं वर पाय दिसायचा.